नऊशे ठोके

पाचव्या बत्तीला विडीचा निखारा टेकला, बत्ती सुर्र करून पेटली आणि पुंजारामनं दोर धरला. धर्मराज पाटलाची ही विहीर सहा परस खोल. तळाच्या काळ्या दगडात पाच भोकं, पाच भोकांत पाच बार ठासलेले, पाचही बत्त्या धुराच्या शेपट्या हलवत पेटलेल्या. आणि हा गडी असा सावकाश वर येत होता, जणू सासरवाडीचं जेवण झालंय आणि आता पान खायला ओसरीवर चाललाय. काठावर आला, विडी पायाखाली चिरडली, पन्नास पावलांवरच्या बाभळीच्या बुंध्याआड जाऊन उकिडवा बसला आणि डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवली.

"बार हाये होऽऽ! गुरंढोरं आवरा होऽऽ!" शेजारी बसलेल्या रामकिसननं साऱ्या शिवाराला बांग दिली.

रामकिसन पुंजारामचा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. वीस वर्षं दोघांनी जोडीनं विहिरी फोडल्या होत्या, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर तर भोकरदनच्या आसपास असा एक मळा राहिला नव्हता की जिथं या दोघांना बोलावणं आलं नाही.

पहिला बार झाला. जमिनीनं खालून ढुशी दिली, दगड आभाळात जाऊन जरा विचार करून परत आले.

"एक," रामकिसन म्हणाला.

बार मोजायचे रामकिसननं, नाडी मोजायची पुंजारामनं, ही त्यांची वाटणी. पण त्या दिवशी नाडी मोजता मोजता पुंजारामच्या कपाळावर घाम फुटला. बोटांखाली दोन ठोके पडले. मग काहीच नाही. मग तीन ठोके एकदम, एकमेकांच्या पाठीवर पडल्यासारखे. मग एक इतका बारीक, की आला की भास झाला ते कळू नये. बोटं चुकून सरकली असतील म्हणून त्यानं ती उचलून पुन्हा ठेवली. पत्र्यावर गारा पडाव्यात तशी नाडी पडत होती: कुठंही, कशीही, कुणाला न विचारता.

"दोन. तीन." मग थोड्या वेळानं, "चार." आणि शेवटी, "पाच! झालं दाजी. उठा, भाकरी खाऊ."

पाचही बार उडाले होते, त्यामुळे मोजणीची गरजच पडली नाही. पण पुंजाराम उठला नाही. पायात मुंग्या आल्या, असं त्यानं रामकिसनला सांगितलं.

त्याच्या नाडीची ख्याती काय सांगावी! जालन्याच्या टेशनावरचं मोठं घड्याळ एकदा बंद पडलं, तेव्हा पुंजारामला फलाटावर बसवून दोन गाड्या सोडल्या होत्या, असं लोक सांगत. एका बागायतदारानं खूश होऊन त्याला मनगटी घड्याळ देऊ केलं, तर यानं हात मागं घेतला. "त्याला रोज चावी द्यावी लागती, मालक. मला कोन देतं?" असं म्हणाला. यातलं दुसरं खरं आहे. पहिलंही खरं असायला हरकत नव्हती.

पण ही नाडी नुसती मिरवायची नव्हती. पेटवले पाच आणि उडाले चार, की एक फुसका. तो विझलेला असतो, नाही तर भोकाच्या आत कुठं तरी बत्ती धुमसत असते, हळूहळू, चोरासारखी. म्हणून शेवटच्या बारानंतर नऊशे ठोके थांबायचं. दर शंभराला एक खडा डावीकडून उजवीकडं. नऊही खडे पलीकडं गेले, की रामकिसननं उतरायचं आणि फुसका निकामी करायचा. पेटवणाऱ्यानं उतरायचं नाही. पुंजारामच्या बापानं घालून दिलेली रीत होती ती. बापानं आणखी एक सांगितलं होतं: "जिभेनं मोजू नको. मानूस भ्याला की जीभ पळती. नाडी पळत न्हाई."

बाप आपल्या बिछान्यात, सगळी बोटं शाबूत ठेवून मेला. त्याच्या शब्दावर शंका घेण्याचं कारण नव्हतं.

*

आठ दिवसांनी बांधावरून नुसतं चालत येतानाच पुंजारामला धाप लागली आणि तो गव्हात बसला, तेव्हा बायकोनं, साळूबाईनं, ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्याला जालन्याला नेलं. डॉक्टरनं छातीला थंडगार वाट्या चिकटवल्या आणि यंत्रातून कागदाची पट्टी काढली. त्या पट्टीवर कोंबडीनं उकरल्यासारख्या रेघा होत्या.

"तुमच्या हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकसत नाहीत," डॉक्टर म्हणाला. "नुसते थरथरतात. म्हणून ठोके वेडेवाकडे पडतात. या गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. विहिरीचं काम बंद. आत रक्त साकळलं, गाठ झाली आणि ती मेंदूकडं गेली, तर अर्धं अंग जाईल."

एवढ्या बोलण्यातलं शेवटचं तेवढं पुंजारामच्या डोक्यात राहिलं. परतीच्या एसटीत तो राजूरपर्यंत डाव्या मांडीला चिमटे काढत होता. मांडी आहे की गेली ते पाहत होता. राजूरनंतर उजव्या मांडीला काढायला लागला, कारण अर्धं म्हणजे नेमकं कोणतं, हे डॉक्टरला विचारायचं राहून गेलं होतं.

"रामकिसनला सांगा," साळूबाई म्हणाली.

"सांगतो."

"सांगतो न्हाई. आज सांगा. माझ्या भावाचा जीव तुमच्या मनगटावर टांगलाय."

"जरा नीट होऊ दे. मंग सांगतो."

"नीट झाल्यावर काय सांगसाल?"

पुंजाराम खिडकीतून बाहेर बघत बसला. बत्तीला विडी काय, कुणीही टेकवील. नाडी गेली तर पुंजाराम म्हणून उरतं काय? आणि रामकिसनचं तोंड त्याला दिसत होतं. ते हसणारं, तंबाखू चघळणारं तोंड एकदा गंभीर झालं, की पुन्हा हसायचं नाही, असं त्याला वाटत होतं.

साळूबाईनं तीन दिवस रोज विचारलं, "सांगितलं का?" चौथ्या दिवशी विचारायची थांबली. विसरली असेल, असं पुंजारामला वाटलं. बाईमाणसाला घरची शंभर कामं असतात.

गोळ्या त्यानं चारच दिवस घेतल्या. मळमळ सुटली, जेवण जाईना. मग पुडी कोनाड्यात चिमणीमागं ठेवून तो भोकरदनला अण्णासाहेब वैद्यांकडं गेला.

अण्णासाहेब म्हणजे मनगटाला तीन बोटं लावून माणसानं परवा काय खाल्लं आणि कुणाच्या घरी खाल्लं, ते सांगणारे. पाच-सहा जणांचे संसार त्यांनी नुसत्या नाडीपरीक्षेत अडचणीत आणले होते. त्यांनी पुंजारामचा हात हातात घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. पुंजारामला वाटलं, झोपले.

"जालन्याला गेलतास?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"गेल्तो."

"गोळ्या दिल्या?"

"दिल्या. पन त्या सोसत न्हाईत, अण्णासाहेब. तुमी आपल्या झाडपाल्यातलं बघा काही तरी."

वैद्यांनी डोळे उघडले. "हे बघ पुंजाराम. अर्जुनसादड्याची साल देतो. दुधात उकळून सकाळ-संध्याकाळ घे. लसणाच्या दोन पाकळ्या. जेवणात दुधी, शेवग्याची भाजी. केळं रोज एक. चहा बंद, विडी-तंबाखू बंद, लोणचं-पापड बंद, मीठ चिमटीनं. दुपारचं पडत जा जरा. यानं अंगाला आधार होईल. पण गोळ्या सोसत नसल्या, तर त्याच डॉक्टरला जाऊन सांग, तो कमी-जास्त करील. मनानं बंद करू नको. माझी साल त्याच्या गोळीसोबत. तिच्या जागी न्हाई. आणि एकवीस दिवसांनी येऊन मला नाडी दाखव. कळलं?"

"कळलं."

कळलं कसं म्हणावं? भोकरदनपासून गावापर्यंत तीन कोस चालताना अण्णासाहेबांचं बोलणं वाटेवर थोडं थोडं सांडत गेलं. घरी पोचला, तेव्हा एवढंच उरलं होतं: साल घ्यायची, एकवीस दिवस, आणि मग नाडी सुतासारखी सरळ.

*

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं, ते गावानं पुढं बरीच वर्षं जपून ठेवलं. केळणा नदीच्या काठचा अर्जुनसादडा माणसाच्या उंचीपर्यंत सोलला गेला आणि लाजल्यासारखा नागडा उभा राहिला. वैद्यानं लसणाच्या दोन पाकळ्या सांगितल्या होत्या. भीतीनं त्या चार झाल्या, चारच्या सात झाल्या. आठव्या दिवशी डास गल्लीच्या तोंडाशी येऊन मागच्या मागं वळायला लागले आणि एसटीत पुंजाराम बसला की त्याला ऐसपैस दोन माणसांची जागा मिळायला लागली. दुधी तर इतका खाल्ला, की साळूबाई म्हणाली, आता तुमाला मांडवावरच सोडते.

"मीठ टाकत जा गं जरासं. जिभेला मेल्यासारखं वाटतं."

"जिभेला वाटू द्या. बाकीचे जिते राहा."

बाजारात एका फिरस्त्यानं त्याला शिलाजित विकलं. हिमालयातल्या कड्यावरून वानरांच्या हातून उतरवून आणलेलं, हृदयाला हत्तीचं बळ देणारं. ते खाल्लं त्या दिवशी छातीत संध्याकाळपर्यंत उंदीर-मांजर पळत होतं आणि पुंजाराम देवळाच्या पायरीवर खांबाला धरून बसला होता, हाताची नखं पांढरी झाली होती. साळूबाईनं ती पुडी उकिरड्यावर फेकली. त्या जागी भोपळ्याचा जो वेल आला, तो छपरावर चढून शेजाऱ्याच्या घरात उतरला, असं म्हणतात.

सगळ्यात मोठी अडचण विडीची. विडी बंद, पण बत्ती पेटवायला तर निखारा पाहिजे. मग रामकिसनच काठावर बसून विडी ओढायला लागला, आणि लाल झाली की दोराला बांधलेल्या डब्यातून खाली सोडायला लागला. त्यानं "काहून?" म्हणून विचारलं नाही. एरवी पुंजारामच्या फेट्याचा रंग बदलला तरी दोन दिवस चेष्टा करणारा माणूस. पण लसणाच्या वासावर एक शब्द नाही, केळ्यांवर नाही, भर दुपारी झाडाखाली पडायला लागलेल्या दाजीवर नाही. पुंजाराम मनात म्हणाला, बरं झालं, ध्यानात आलं न्हाई येड्याच्या.

अकराव्या दिवशी एक फुसका राहिला. धर्मराज पाटलाच्या त्याच विहिरीत, चारातला एक. पुंजारामनं नऊ खडे मांडले आणि मनगट धरलं. नाडी होती तशीच होती. शंभर म्हणजे किती, ते त्याला कळेना. खडे त्यानं अंदाजानं सरकवले. अंदाज म्हणजे काय, तर पोटात गोळा आला की एक खडा. नववा सरकवताना हात इतका घामेजला होता, की खडा बोटाला चिकटून आला.

"झाले?" रामकिसननं विचारलं.

"झाले."

"नऊशे?"

"नऊशे."

रामकिसन उतरला. पुंजाराम काठाशी गेला नाही. बाभळीला कपाळ टेकून उभा राहिला आणि अर्ध्या तासात आयुष्यभराच्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. मग उरलेल्या वेळात गावातल्या मेलेल्या माणसांची घ्यायला लागला. रामकिसन वर आला, तेव्हा हातात ओली बत्ती होती. "पानी लागलं होतं भाड्याला," तो म्हणाला आणि पाण्याची कळशी उचलून घटाघटा प्याला. अर्धं पाणी छातीवर सांडलं.

त्या रात्रीची भाकरी पुंजारामनं तशीच कुत्र्याला घातली. साळूबाईनं पाहिलं.

त्यानंतर त्यानं नवीनच सुरू केलं. पाटलाच्या शेजारच्या मळ्यात डिझेलचं इंजिन होतं. ते सकाळी पाणी ओढायला लावलं, की पुक्-पुक्-पुक् असं एका चालीत चालायचं. पुंजाराम तिथं जाऊन पाटाच्या कडेला बसायचा, मनगट धरायचा आणि आपली नाडी इंजिनाशी लावून बघायचा. इंजिन सरळ रस्त्यानं चाललेलं. आणि ही मधेच काट्यात, मधेच खड्ड्यात, मधेच बसलेली. बाराव्या दिवशी तसंच, पंधराव्या दिवशी तसंच. अठराव्या दिवशी थोडा वेळ बरं वाटलं. एकविसाव्या दिवशी बोटं ठेवली आणि तो श्वास घ्यायचा विसरला. पुक् आणि ठोका. पुक् आणि ठोका. दोन बैल एका जुवाखाली चालावेत तसे दोघं चालले होते. एवढं चाललं, एवढं चाललं, की पाटातलं पाणी वाफ्याबाहेर जाऊन मळेवाला ओरडायला लागला.

पुंजाराम धावत नाही, पण धावल्यासारखा घरी आला. "साळे! आली ठिकाण्यावर!"

साळूबाई भाकरी थापत होती. "अण्णासाहेबाला दाखवून या आधी."

"उद्या पाटलाकडं पाच बार हायेत. परवा दाखवतो."

"आवो, एक दिवस…"

"एकवीस दिवस झाले न्हाईत का?"

तव्यावरची भाकरी एका बाजूनं जळाली.

*

दुसऱ्या दिवशी पुंजारामनं पाच बत्त्या पेटवल्या आणि वर येऊन बाभळीआड बसला. ऊन चांगलं तापलं होतं. धर्मराज पाटील लांब गोठ्याशी गड्यांना घेऊन थांबला होता.

"एक," रामकिसन म्हणाला. "दोन." धुरळा खाली बसायच्या आत, "तीन." आणि मग, "चार."

मग काही नाही.

एक टिटवी ओरडत शेतावरून गेली. विहिरीतून धूर वर येत होता, निळसर, आळसावल्यासारखा. पुंजारामनं नऊ खडे ओळीनं मांडले, मनगट धरलं आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. सरळ होती. इंजिनासारखी. वीस. तीस. त्याला हसू यायला लागलं. अर्जुनसादड्याच्या पायाशी नारळ फोडायचा, असं त्यानं ठरवलं. चव्वेचाळीस. पंचेचाळीस.

आणि मग बोटांखाली काहीच नव्हतं.

तो थांबला. एक ठोका आला. मग चार एकदम, कोंबड्या दाण्यावर पडाव्यात तसे. मग पुन्हा रिकामं. छातीत कुणी तरी ओलं फडकं झटकत होतं. त्यानं बोटं दाबली, सैल केली, दुसरं मनगट धरलं. दोन्हीकडं तेच.

"पहिला खडा गेला न्हाई अजून?" रामकिसन म्हणाला. "जल्दी करा दाजी. भाकरी गार होऊन राह्यली."

पुंजारामनं खडा सरकवला. का सरकवला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग दुसरा. अकराव्या दिवशी असेच सरकवले होते आणि काही झालं नव्हतं. तिसरा. बत्ती ओली असेल. चौथा. ओली नसली तर? त्याला सहा परस खालचं ते भोक दिसत होतं. त्या भोकाच्या आत, दगडाच्या पोटात, मोहरीएवढा लाल ठिपका हळूहळू आत चालला होता. आणि त्याच्यावर वाकलेलं एक तोंड, तंबाखू चघळणारं. पाचवा. सहावा. त्याच्या लक्षात आलं, की हात आपण होऊन खडे ढकलतोय, आणि जितकी भीती वाढतेय तितका जलद. सातवा. गोठ्याकडून पाटलानं हाक मारली, "अरे, किती वेळ?" आठवा.

नवव्या खड्यावर त्याचं बोट होतं. रामकिसन उठला. धोतराचा काचा मारला, तंबाखू थुंकला आणि विहिरीकडं चालायला लागला.

दहा पावलं. पंधरा.

"राम्या!"

आवाज इतका चिरका आला, की पुंजारामला वाटलं दुसरंच कुणी ओरडलं. रामकिसन वळला.

"इकडं ये."

"झाले न्हवं?"

"इकडं ये म्हन्लं ना! बस. हात दे तुझा."

रामकिसन आला. दाजीला उठायला आधार पाहिजे असेल असं समजून त्यानं हात पुढं केला. पुंजारामनं तो उलटा केला आणि मनगटाच्या शिरेवर दोन बोटं ठेवली. दुसऱ्या हातानं आठही खडे पुन्हा डावीकडं ओढले.

"हे काय?"

"माझी बिघडली," पुंजाराम म्हणाला. मेव्हण्याच्या तोंडाकडं न बघता, खड्यांकडं बघून. "नाडी. महिना होऊन गेला. जालन्याला गेल्तो ते बाजाराला न्हाई, डाक्टरकडं. ते साल, लसूण, केळी, सगळं त्याच्यापायी. वाटलं व्हतं नीट होईल. काल झाली व्हती. इंजिनासंग चालत व्हती, तुझ्या बहिनीची आन. आज पुन्हा…" त्यानं बोटं शिरेवर नीट बसवली. "थांब. बोलू नको. तुझ्यावर मोजतो."

तो मोजायला लागला. रामकिसनची नाडी चांगली होती. एकसारखी, एकही ठोका न चुकवणारी. पण मोजता मोजता पुंजारामच्या कपाळाला आठी पडली. पन्नास झाले तेव्हा शंका आली. शंभर झाले तेव्हा खडा सरकवायला गेलेला हात मधेच थांबला. फार लवकर झाले होते शंभर. लांडगा मागं लागलेला ससा पळावा तशी ती नाडी पळत होती. त्यानं मान वर करून पाहिलं. रामकिसन दुसरा हात कमरेवर ठेवून, रोजच्यासारखा, पिकाचा अंदाज घेतल्यासारखा शिवाराकडं बघत होता.

"राम्या."

"हां."

"भ्यालास का रे?"

"थोडासा."

"कवापासून?"

"ताईनं सांगितल्यापासून."

पुंजारामची बोटं जिथं होती तिथंच राहिली. मोजणी मात्र कुठल्या कुठं गेली.

"कवा सांगितलं तिनं?"

"तुमी जालन्याहून आले, त्याच्या चवथ्या दिशी. डबा द्यायला आल्ती. बांधावर बसून रडली लय. म्हन्ली, त्यायला काही बोलू नको, ते आपल्या तोंडानं सांगतीन."

पुंजारामनं मनातल्या मनात दिवस मागं मोजले. पहिल्या केळ्याच्या आधी. पहिल्या लसणाच्या आधी. अण्णासाहेबांच्या आधी. आणि त्या चारातल्या एका फुसक्याच्या किती तरी आधी.

"मंग त्या दिशी…" पुंजारामनं विहिरीकडं पाहिलं. "त्या दिशी फुसका काढाया उतरलास कसा?"

रामकिसनला प्रश्नच नीट कळला नसावा, अशा नजरेनं त्यानं दाजीकडं पाहिलं.

"तुमी म्हन्ले, नऊशे झाले."

गोठ्याकडून पाटील पुन्हा ओरडत होता. झोपले का रे, असं काही तरी. धूर पातळ झाला होता. विहीर अगदी गप्प होती, आणि त्या गप्पपणात काय आहे ते दोघांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं.

"आज काय म्हन्ता, दाजी?" रामकिसननं विचारलं. सहज विचारलं. पण बोटांखालची शीर थडथडत होती.

पुंजारामच्या डोळ्यांत धुरळा गेल्यासारखं झालं होतं.

"न्हाई झाले," तो म्हणाला. "आज व्हायचे न्हाईत. बस तू."

रामकिसन बसला. हात त्यानं सोडवून घेतला नाही.